कानामागची टिकली

चार माणसांसमोर बोलायला उभं राहायचं म्हटलं की कालिंदी बोराडेचा आधी आवाज जायचा, मग गुडघे आणि सगळ्यात शेवटी उरलीसुरली अब्रू. जलसंपदा खात्यात शाखा अभियंता म्हणून तिची अकरा वर्षं झाली होती. सोनवेळ धरणाच्या भिंतीवर एकटी फिरताना ती राणीसारखी वावरायची. तीच बाई आढावा बैठकीत उभी राहिली, "धरणाचा जिवंत साठा" एवढं म्हणाली आणि पुढचा आकडा घशातच अडकला. शेवटी शेजारच्या साहेबांनी तिच्या हातातला कागद ओढून घेतला आणि स्वतःच वाचला. त्या दिवशी ती घरी येऊन भांडी घासत रडली, कारण भांड्यांच्या आवाजात रडणं कुणाला ऐकू जात नाही असा तिचा समज होता.

या भीतीवर तिने एक उपाय शोधला होता. तिच्याजवळ एक जाडजूड वही असे, तिला ती प्रश्नवही म्हणायची. कुठलीही बैठक असली की आठवडाभर आधी ती त्या वहीत कोण काय विचारू शकेल ते लिहून काढायची. खोचक प्रश्न, भाबडे प्रश्न, मुद्दाम अडवायला विचारलेले प्रश्न. आणि प्रत्येकाचं उत्तर कागदावरून न घेता स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून यायची. पाझर किती आहे? चला, मोजून येऊ. दरवाज्याला गंज चढलाय का? चला, हात लावून येऊ. उपविभागीय अभियंता घोलप साहेब हसून म्हणायचे, "मॅडम, महाराष्ट्रात तुमच्या धरणाइतकं कुठलं धरण कुणी बघितलं नसेल." तिला ते टोमण्यासारखं लागायचं.

मग टिकली आली.

कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण कानामागे चिकटवायची रुपयाएवढी गोल चकती म्हटल्यावर लोकांनी तिचं नाव टिकलीच पाडलं. मिशीवाले आमदारही सभेला जाताना "माझी टिकली कुठाय?" म्हणून ओरडू लागले आणि पहिले काही महिने सगळ्यांनी हसून घेतलं. नंतर कुणी हसेना, कारण ती खरोखरच काम करत होती.

ते कसं, हे कालिंदीने माहितीपत्रकात तीनदा वाचलं होतं. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, धोका ओळखणं हे त्याचं काम. पुष्कळ डोळे एकदम आपल्याकडे वळले की तो बदाम जागा होतो. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांवर असे डोळे रोखले जायचे ते एक तर शिकारी कळपाचे, नाही तर टोळीतून हाकलून द्यायला जमलेल्या आपल्याच माणसांचे. म्हणून बदाम जागा झाला की छाती धडधडते, घशाला कोरड पडते आणि स्वरयंत्राचे बारीक स्नायू थरथरायला लागतात. आवाज कापतो तो त्यामुळे. टिकली कातडीवरचा घाम आणि नाडी सतत बघत असते. भीतीची पहिली चाहूल लागली की ती कानामागून जाणाऱ्या एका मज्जातंतूच्या फांदीला अगदी हलके विजेचे टिचके देते. ते टिचके मेंदूपर्यंत पोचतात आणि बदामाला पुन्हा झोपवतात. गोळी नाही, गुंगी नाही. टिकली काढली की पाच मिनिटांत माणूस पहिल्यासारखा.

माहितीपत्रकात एक गोष्ट नव्हती, कारण तेव्हा ती कुणालाच नीट उमगलेली नव्हती. "सगळे बघतायत" म्हणून घाबरणारा मेंदूचा तो भाग "आपलं काही चुकत तर नाही ना?" असंही कुजबुजत असतो. टिकली दोन्ही आवाज एकदमच बंद करायची.

खात्याने लोकांशी बोलणाऱ्या सगळ्या अधिकाऱ्यांना टिकल्या वाटल्या. कालिंदीने ती पहिल्यांदा लावली ती धरणाखालच्या चिंचदोह गावच्या ग्रामसभेत. नवरात्र आठवड्यावर आलं होतं, पाऊस सरून ऊन तापू लागलं होतं आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं. ती उभी राहिली, तीनशे डोळे तिच्याकडे वळले आणि काहीच झालं नाही. पायाखालची सतरंजी घट्ट होती, जीभ ओली होती. एवढं सोपं असतं होय हे, असं तिच्या मनात आलं आणि ती बोलायला लागली. वीस मिनिटं ती अशी बोलली की सरपंच अंकुश तांबे तोंडाचा आ वासून ऐकत राहिला.

मग बायकांमधून एक म्हातारी उठली. म्हाळसाबाई तांबे, गावातली सगळ्यात वयस्क बाई, नव्वदीला टेकलेली. चार म्हशी अजून स्वतः सांभाळायची.

"बाई," ती म्हणाली, "धरणाच्या पायथ्याच्या चरातलं पानी चार दिस झालं गढूळ येतंय. माझ्या म्हशी त्येला तोंड लावत न्हाईत."

एरवी या एका वाक्याने कालिंदीची रात्रीची झोप उडाली असती आणि तांबडं फुटायच्या आत ती चराशी जाऊन उभी राहिली असती. पण आता तिला सुचलं ते एक झकास उत्तर.

"आजी, आता धरणाचा अहवाल म्हशींकडून मागवायचा का?"

सभा खदाखदा हसली. म्हाळसाबाई हसली नाही. ती पदर सावरून खाली बसली.

"चरात गुरं उतरतात, पाणी ढवळलं जातं," कालिंदी पुढे म्हणाली. "धरणात एकतीस यंत्रं बसवलीत, सगळी हिरवा दिवा दाखवतायत. मी स्वतः सांगते, सोनवेळ पक्कं आहे. तुम्ही निर्धास्त झोपा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर उचलला आणि दोन दिवसांत तो तालुकाभर फिरला. घोलप साहेबांचा फोन आला, जिल्ह्याच्या उत्कृष्ट जनसंवाद पुरस्कारासाठी तिचं नाव गेलं. प्रश्नवही कपाटात वरच्या फळीवर गेली.

घरी मात्र एका माणसाला हे सगळं खटकत होतं. तिचा नवरा प्रल्हाद, 'बोराडे साउंड सर्व्हिस'चा मालक. तालुक्यातलं लग्न, कीर्तन, प्रचारसभा, काही असो, माइक आणि कर्णे त्याचेच. वीस वर्षं मिक्सरमागे बसून तो माणसं कानाने ओळखायला शिकला होता. चिंचदोहच्या सभेलाही माइक त्याचाच होता.

"एक सांगू?" जेवताना तो म्हणाला. "पूर्वी कुणीही बोलायला उभं राहिलं की माझा हात मिक्सरवरच असायचा. कुणी घाबरून माइक गिळायचा, कुणाचा आवाज मध्येच बसायचा, कुणी खरंच चिडला की मिक्सरवरचा आवाजाचा काटा लालमध्ये जायचा. आता टिकलीवाले आल्यापासून मी नुसता बसून असतो. सगळ्यांचा काटा एकाच जागी. मागच्या महिन्यात एक पुढारी मेलेल्या भावाबद्दल बोलला, तरी काटा तिथंच."

"चांगलंच आहे की. तुमचे कष्ट वाचले."

"त्या आजीला तसं बोलायला नको होतं, कालिंदी."

त्या दिवशी बैठकीवरून आल्यावर टिकली काढायची राहून गेली होती. "भाड्याने माइक देणाऱ्याने मला बोलायला शिकवू नये," ती म्हणाली, तितक्याच गोड, सपाट आवाजात.

प्रल्हादचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते तिच्याही ध्यानात आलं. "चुकलं माझं. माफ करा," ती लगेच म्हणाली.

त्याने घास ताटात ठेवला. "तू माफी मागितलीस, ऐकलं मी. पण खरं सांगतो, ती मला पोचली नाही." आणि तो ताट घेऊन उठला. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण टिकली काढल्यावर, आणि तोवर तो झोपलेला असायचा.

नवमीच्या दिवशी सुट्टी होती. पुरस्काराच्या पत्रिकेसाठी 'धरणाच्या पायथ्याशी उभा असलेला फोटो' मागितला होता, म्हणून कालिंदी अकराच्या सुमाराला एकटीच जीप घेऊन सोनवेळला गेली. समोर बोलायला कुणी नाही, म्हणून टिकली डबीत घालून जीपमध्येच ठेवली. पायथ्याशी उतरली, दगडावर मोबाइल टेकवला आणि मागे सरकताना तिची नजर चराकडे गेली.

पाणी चहासारखं झालं होतं.

आसपास एकही जनावर नव्हतं. चिखलात खुराची खूण नव्हती. ती वाकली, पाण्याची बाटली रिकामी केली, त्यात चरातलं पाणी भरलं आणि उन्हात धरली. हळूहळू तळाशी गाळ बसू लागला, बोटभर, मग दोन बोटं. दहा पावलांवर, भिंतीला लागून, जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीची गोल कडा जमली होती.

याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मातीचं धरण कधीच पूर्ण कोरडं नसतं. भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. ते वाळूच्या थरातून गाळून पायथ्याच्या चरात यावं अशी सोय मुद्दाम केलेली असते. ते पाणी नितळ आहे तोवर चिंता नाही. गढूळ झालं म्हणजे ते भिंतीतली माती बरोबर घेऊन येतंय, भिंतीच्या पोटात बीळ पडत चाललंय. बीळ रुंदावलं की जास्त पाणी, जास्त पाणी आलं की आणखी माती. वरून भिंत शेवटपर्यंत धडधाकट दिसते आणि मग काही मिनिटांत बसते. एकतीस यंत्रं पाण्याचा दाब मोजत होती, पाझर मोजत होती. पाण्याचा रंग बघायला एकच यंत्र नेमलेलं होतं, ते म्हणजे कालिंदी बोराडे. ते दोन आठवडे बंद होतं.

तिची पाचावर धारण बसली. पण त्या भीतीने एक केलं, डोकं लख्ख चालू झालं. जुन्या प्रश्नवहीसारखे प्रश्न एकामागून एक पुढे आले. पाणी कमी करता येईल? तिने चौकीदाराला फोन करून कालव्याचे दरवाजे पूर्ण उघडायला लावले; पण त्याने पातळी उतरायला दिवस लागणार होते. इशारा कोण देणार? तिने घोलप साहेबांना फोन लावला.

"मॅडम, माझ्यासमोर स्क्रीन आहे," साहेब म्हणाले. "एकतीसच्या एकतीस हिरवे. लाल झाल्याशिवाय भोंगा वाजत नाही, तशी रचनाच आहे. तुम्ही लेखी पाठवा, मी जिल्ह्याला कळवतो. आज सुट्टी, दीड-दोन तास धरून चाला."

"साहेब, दोन तास नाहीत आपल्याकडे."

"पण गेल्या पंधरवड्यात तुम्हीच तर जाहीर सांगितलंत की पक्कं आहे."

तिने गावच्या ग्रुपवर लिहिलं: ताबडतोब गाव सोडा, धरणाला धोका आहे. मिनिटभरात सरपंच अंकुशचं उत्तर आलं. खाली तिच्याच भाषणाचा तुकडा होता आणि वर लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्या नावाने कुणीतरी खोटे मेसेज पाठवतंय. नंबर बदलून घ्या. नवमीच्या शुभेच्छा.'

ती जीपकडे धावली. चिंचदोह तीन किलोमीटर. गाडी चालवताना हात इतके कापत होते की गिअर नीट पडेना. नऊशे माणसांसमोर अशा अवस्थेत तोंडातून शब्द फुटणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गावाच्या कमानीशी तिने गाडी थांबवली, डबी उघडली आणि टिकली कानामागे दाबून बसवली. देवळापर्यंत पोचेस्तोवर हात शांत झाले होते.

चिंचदोहच्या देवीचा होम नुकताच झाला होता आणि देवळासमोरच्या पटांगणात महाप्रसादाची पंगत बसली होती. नऊ दिवसांचे उपवास सुटायचे होते. मांडवाखाली लांबच लांब रांगा, समोर पत्रावळी, वाढपी लापशीच्या बादल्या घेऊन धावत होते. आणि या पंगतीचा एक नियम होता, तो गावात कुणी कधी मोडला नव्हता. देवीच्या पंगतीला गावातली सगळ्यात वयस्क बाई पहिल्या पानावर बसायची. तिने पत्रावळीत पाणी सोडलं की पंगत उठायची. त्याआधी कुणी उठलं तर वर्षभर गावाला देवीचा कोप, अशी समजूत. आजारी माणूससुद्धा तोवर पानावर बसून राहायचा.

पहिल्या पानावर म्हाळसाबाई होती.

मांडवाच्या कडेला मिक्सरमागे प्रल्हाद बसला होता. कालिंदीला बघून तो उठला. तिने त्याच्या टेबलावरचा बिनतारी माइक उचलला.

"नमस्कार. मी शाखा अभियंता कालिंदी बोराडे. सोनवेळ धरणाच्या पायथ्याशी गंभीर स्वरूपाची गळती आढळली आहे. धरण फुटण्याची शक्यता आहे. सर्वांनी आत्ताच्या आत्ता उठून भैरोबाच्या माळावर जावं. लहान मुलं, वृद्ध यांना आधी न्यावं. गडबड करू नये."

बोलणं नेमकं होतं, स्वच्छ होतं. लोकांनी माना वर केल्या, ऐकलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"सराव दिसतोय," कुणीतरी म्हणालं. "मागल्या साली बी केला व्हता."

"जाऊ की, जेवण तर होऊ द्या मॅडम."

"वाढा रं तिकडं, आमटी न्हाई आली."

सरपंच अंकुश हात जोडून जवळ आला. "मॅडम, पंगत चालू हाय. तुम्ही बी बसा पानावर. आन परवा तर तुम्हीच म्हनला व्हता..." बाजूच्या एका पोराने मोबाइल काढला आणि तुकडा सुरू केला. 'मी स्वतः सांगते, सोनवेळ पक्कं आहे. तुम्ही निर्धास्त झोपा.' तिचा आवाज, तिच्याच माइकजवळ.

"ते चूक होतं," कालिंदी म्हणाली. "आता मी सांगते ते बरोबर आहे. कृपया उठा."

कुणी हललं नाही. तिला कळेना, याहून स्पष्ट काय बोलायचं. तिने प्रल्हादकडे बघितलं. तो मिक्सरच्या काट्याकडे बघत होता. मग त्याने मान वर केली.

"खरं आहे का हे?" त्याने हळूच विचारलं.

"खरं आहे. तासभरही नसेल हातात."

"मग ती टिकली काढ," तो म्हणाला. "तेव्हाचं आणि आत्ताचं, दोन्ही सारखंच ऐकू येतंय. मलासुद्धा."

तिची माफी पोचली नाही, असं म्हणताना त्याचा जो चेहरा होता तोच तिला आत्ता दिसत होता. तिने कानामागे नख घातलं आणि टिकली उपटून काढली.

पहिला मिनिटभर काहीच झालं नाही. मग सगळं एकदम आलं. मांडवभर डोळे तिच्यावर रोखलेले, ओळखीचे, अनोळखी, हसणारे, वैतागलेले. छाती ठोके द्यायला लागली, घशाला कोरड पडली. तिने माइक तोंडाशी नेला आणि त्यातून कर्ण्यांवर नुसता तिचा धापा टाकणारा श्वास घुमला.

"मी... ध... धर..."

दोन-चार जण फिदीफिदी हसले. पाठीमागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "मॅडमची बॅटरी उतरली." टिकली अजून तिच्या मुठीत होती. पुन्हा लावली असती तर मिनिटभरात हे सगळं थांबलं असतं, आणि तिला ती लावावीशी वाटली, फार वाटली. पळून जावंसंही वाटलं. आढावा बैठकीतला तो कागद, ते साहेब, ती भांडी, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण पाणी तिने बघितलं होतं. ती पावलं टाकत निघाली, दोन रांगांच्या मधून, थेट पहिल्या पानाकडे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ती म्हाळसाबाईच्या पत्रावळीसमोर धुळीत खालीच बसली.

"आजी," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "तुम्ही सांगितलं होतं. पाणी गढूळ आहे म्हणून. मी... मी बघायलासुद्धा गेले नाही. मी तुम्हाला हसले. सगळ्यांसमोर हसले."

पटांगणात वाढप्यांच्या पळ्यांचा आवाज थांबला. प्रल्हादचा हात मिक्सरवर होता. तिचा आवाज बसला की तो वर घेत होता, हुंदका आला की खाली.

"आज बघितलं मी. बाटलीत गाळ बसला, दोन बोटं. आतून पोखरलंय ते. ही लेकरं... मला भीती वाटतेय, आजी. खूप भीती वाटतेय. तुम्ही उठल्याशिवाय कुणी उठणार नाही. मला काय हवं ते बोला नंतर, पण उठा. पाया पडते, उठा."

म्हाळसाबाईने तिच्या हातातल्या माइककडे बघितलं. तो थरथरत होता. मग म्हातारीने डावा हात पुढे केला, कालिंदीच्या कानामागचे केस बाजूला सारले आणि बोटाने चाचपून बघितलं. तिथे टिकलीचा नुसता लालसर वण होता.

म्हातारीने समोरचा तांब्या उचलला. लापशी अजून तशीच होती, एकच घास मोडला होता. तिने पत्रावळीत पाणी सोडलं, आधी थोडं, मग सगळा तांब्या उपडा केला आणि शेजारणीच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"उठा रं," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलतीया."

आणि पंगत उठली. कुणी ओरडलं नाही, कुणी विचारलं नाही. लेकरं कडेवर गेली, म्हाताऱ्यांना खाटांसकट उचललं. प्रल्हादने एक कर्णा उपटून टेम्पोवर चढवला, बाकीचा सगळा संच तिथेच टाकला आणि कालिंदीला शेजारी बसवून तो गल्लीगल्लीतून फिरला. घरात राहिलेल्यांना तिचा तो चिरकलेला, रडवेला आवाज ऐकू गेला की माणसं हातातलं टाकून बाहेर येत होती. आता सरपंच अंकुशच दारं ठोठावत पुढे पळत होता.

सव्वादोनला सोनवेळ बसलं. माळावरून आधी नुसता आवाज ऐकू आला, जमिनीतून आल्यासारखा, आणि मग तपकिरी पाणी चिंचदोहात शिरलं. मांडव गेला, घरं गेली, प्रल्हादचे कर्णे गेले. थोड्या वेळाने देवळाचा कळस तेवढा वर राहिला. बायका रडत होत्या, पण प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस माळावर होतं. अंकुशने तीनदा नावं पुकारून बघितली.

घोलप साहेबांचा फोन आला. त्यांचाही आवाज पहिल्यांदाच बसलेला होता. "मॅडम, संध्याकाळी मंत्री येतायत, सगळे वार्ताहर असतील. तुम्हालाच बोलायचंय. पण बोलण्यावर खात्याचं सगळं अवलंबून आहे, तेव्हा टिकली लावून या."

"येते, साहेब," ती म्हणाली. "पण तशीच येते. गढूळ पाण्याची खबर मला दोन आठवड्यांपूर्वी मिळाली होती, हे पहिलं वाक्य असेल माझं." तिचे दात वाजत होते. "बोलायला वेळ लागेल, तेवढं त्यांना सांगून ठेवा."

तिने फोन ठेवला. प्रल्हाद शेजारी बसला होता. त्याने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल तिच्या पाठीवर टाकला.

तेवढ्यात मागून हंबरण्याचा आवाज आला. कालिंदीने वळून बघितलं. भैरोबाच्या देवळामागे, लिंबाच्या सावलीत, चार म्हशी खुंट्याला बांधलेल्या होत्या. पुढ्यात वैरण, बाजूला पाण्याचं टिपाड. शेण वाळून गेलेलं, एक-दोन दिवसांचं नव्हे, पुष्कळ दिवसांचं. म्हाळसाबाई एकीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

"आजी, या म्हशी कधी आणल्या वर?"

"तुझ्या सभेच्या दुसऱ्या दिशी."

"मग तुम्ही? तुम्ही खाली का राहिलात?"

"गाव खाली व्हतं न्हवं. आन गावानं तुझं ऐकलं, मंग म्या बी ऐकलं." म्हातारीने म्हशीच्या कपाळावरची माती झटकली. "म्हशींनी तुझं भाषण ऐकलं न्हवतं."

म्हाळसाबाईने टिपाडातलं पाणी तांब्यात घेतलं, उन्हात धरून नीट बघितलं आणि मग कालिंदीपुढे केलं.